‘झालं’ म्हटल्यानंतरचा फोटो

रस्टॅडच्या चर्चचं तळघर तसं घाबरण्यासारखं नव्हतं. मिनेसोटाच्या त्या सपाट पश्चिम भागात अशी तळघरं गावोगाव आहेत. वर लाकडी चर्च, खाली लांबलचक दालन, घडीच्या खुर्च्या, एका टोकाला स्वयंपाकघर आणि त्याला वाढपाची खिडकी. बारसं असो की मयत, माणसं वर देवाचं ऐकून घेतात आणि खाली उतरून जेवतात. आर्डिस होल्टेनं आपलं निम्मं आयुष्य असल्या तळघरांत काढलं होतं, कारण ती फोटो काढायची.

दर काही वर्षांनी चर्च आपल्या सगळ्या घरांचं एक पुस्तक छापतं. पानापानावर एकेक कुटुंब, खाली नावं. त्यासाठी माणसं ठेवणीतले कपडे घालून तळघरात येतात, स्टुलावर बसतात, कसनुसं हसतात आणि जाताना कॉफी पिऊन जातात. आर्डिसनं या मुलखातली किती चर्चं केली याचा हिशेब तिलाही नव्हता. जी बाळं तिनं पहिल्या फेरीत आईच्या मांडीवर बघितली, ती पुढच्या फेऱ्यांत स्वतःची बाळं घेऊन यायची. तिला फार मजा वाटायची या सगळ्याची.

त्या नोव्हेंबरात सकाळी तिनं आपली जुनी व्हॅन चर्चच्या बाजूच्या दाराला उलटी लावली आणि सामान उतरवायला घेतलं. दिवे, दिव्यांच्या पांढऱ्या छत्र्या, कॅमेऱ्याची तिकाटणी, गुंडाळलेला करडा पडदा. जिन्यावर बर्फाचा चिखल झाला होता.

“अगं सावकाश, कंबर मोडशील!” खालून डोरीन ओरडली. डोरीनकडे स्वयंपाकघर होतं. ती पास्टरलासुद्धा जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

“मोडली तर मोडली. शेवटचीच फेरी आहे.”

“मागच्या खेपेलाही हेच म्हणाली होतीस.”

“मागच्या खेपेला ऑरिन होता.”

अशा वेळी तिकडची माणसं जे म्हणतात तेच डोरीन म्हणाली, “कॉफी तयार आहे.”

ऑरिन म्हणजे आर्डिसचा नवरा. वसंतात गेला. उंच, बारीक, कानात ऐकायचं यंत्र. ते यंत्र नीट बसलं नाही की बारीक शिट्टी वाजायची, आणि ती त्याला सोडून सगळ्यांना ऐकू यायची. तो दिवे लावायचा, पडदा ताणायचा आणि फोटो सुरू झाला की आर्डिसच्या मागे, डाव्या खांद्याच्या बाजूला जाऊन उभा राहायचा. बस, एवढंच त्याचं काम. पण आर्डिसच्या मते सगळी जादू तिथंच होती.

तिची एक पद्धत होती. समोरचा माणूस कॅमेऱ्याकडे बघून जो चेहरा करतो तो त्याचा नसतो, असं तिचं ठाम मत होतं. तो त्याच्या आईनं शिकवलेला असतो, नाहीतर आरशातून उचललेला. म्हणून ती नेहमीसारखे चार फोटो काढायची, मग कॅमेऱ्यावरून डोकं वर उचलून मोठ्यानं म्हणायची, “झालं!” माणूस सुटकेचा श्वास सोडायचा. खांदे पडायचे. आणि त्या क्षणी आर्डिसचं बोट पुन्हा एकदा बटणावर दाबलं जायचं. तो फोटो खरा. एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणारे दोन भाऊ त्या फोटोत एकसारखे हसताना सापडले होते. ज्याला सगळा गाव घाबरायचा त्या बँकवाल्याच्या चेहऱ्यावर शाळकरी मुलाची लाज आली होती. बायका आपल्या नवऱ्याचा तो फोटो बघून म्हणायच्या, “हा माणूस मला लग्नाआधी भेटला होता, मधे कुठे गेला होता कोण जाणे!”

माणसाचा स्वभाव असा पकडता येतो, आणि आपल्याला येतो, याचा आर्डिसला मनातून अभिमान होता. बाहेर दाखवायची सोय नव्हती. त्या मुलखात कुणी स्वतःचं कौतुक करून घेत नाही. पीक सोन्यासारखं आलं तरी ‘वाईट नाही’ म्हणायचं. ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. अर्धा करून अर्धा ठेवतात, पुढचा माणूस त्याचाही अर्धा करतो. म्हणून कुणी वाखाणलं की आर्डिस म्हणायची, “मी नुसतं बटण दाबते. मागे ऑरिन काहीतरी माकडचेष्टा करतो.”

ऑरिन काय करायचा हे मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. अगदी सुरुवातीला एकदा ती मागे वळायला गेली, तर त्यानं तिचा खांदा घट्ट धरला होता. “वळू नको. चेहरा विस्कटेल.” पुढे ती सवयच झाली. ती कधी वळली नाही. समोरच्यांना विचारलं तर कुणाला धड सांगता यायचं नाही.

दवाखान्यात अगदी शेवटी शेवटी ऑरिन म्हणाला होता, “मी काही करत नव्हतो गं. नुसता उभा राहायचो.”

“बरं बरं.”

“ते माझ्याकडे बघत नव्हते, आर्डिस.”

तिनं त्याचा हात थोपटला होता. जाता जाताही मोठेपणा घ्यायला तयार नाही, म्हणून तिला हसूही आलं आणि रडूही. मयतीनंतरच्या जेवणात तिनं हे सगळ्यांना सांगितलं. माणसं पोट धरून हसली, डोळे पुसले. “ऑरिनच तो!” म्हणाली.

त्या मयतीत टेबलावर ठेवायला फोटो सापडेना. सगळ्या जिल्ह्याचे चेहरे जिच्या कपाटात, तिच्याकडे नवऱ्याचा एक फोटो नव्हता. “मला कशाला?” म्हणून तो कायम मागे. शेवटी गाडीच्या परवान्यावरचा, चोरासारखा दिसणारा फोटो मोठा करून ठेवला. आणि आता तिच्या मनातूनही तो चालला होता. हे ती कुणाला बोलली नव्हती, मुलीलाही नाही. कान आठवत होते, स्वेटरची उसवलेली बाही आठवत होती, पण चेहरा आठवायला गेलं की तो परवान्यावरचा चोर समोर यायचा. रात्री अंथरुणात ती डोळे गच्च मिटून त्याला जुळवू बघायची आणि सकाळी दमून उठायची.

त्यात भर म्हणून उन्हाळाभर फोटो मेले होते. ‘झालं’ म्हटलं तरी माणसं तशीच लाकडासारखी बसून राहत. मग चेहरे कुणी आणले होते इतकी वर्षं? तिनं, की ऑरिननं? मुलगी फोनवर म्हणाली, “आई, बास आता. विकून टाक सगळं.” आर्डिस म्हणाली होती की रस्टॅडचं झालं की विकते. पण एका जागी स्वस्थ बसवत नव्हतं. पलंगावर नाही, टेबलाशी नाही. उभं राहून जेवायची सवय लागली होती.

तर त्या दिवशी पहिला आला लाइल. एकटा शेतकरी, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. हरणांच्या शिकारीचे दिवस होते, त्यामुळे कपाळावर टोपीचा वळ आणि गालावर खुंट.

“दाढी करून येता आलं नाही का?” आर्डिस म्हणाली.

“हरणाला चालते.”

“पुस्तकात हरीण छापायचं नाहीये.”

तो स्टुलावर बसला आणि लगेच खांबासारखा ताठला. तिनं चार फोटो काढले. सगळे खांबाचे. डोकं वर करून म्हणाली, “झालं!”

आणि लाइलचा चेहरा उघडला. दुसरा शब्द नाही त्याला. खूप दिवसांनी घरी कुणी यावं आणि दार उघडणाऱ्याला क्षणभर काही सुचू नये, तसा. आर्डिसचं बोट आपोआप दाबलं गेलं.

“लाइल, तू आत्ता कुठे बघत होतास?”

“मी? तुझ्याकडे.” तो कोट चढवत होता. “दुसरं आहे काय इथं बघण्यासारखं? आणि तू काही अगदीच वाईट नाहीस.”

“चल, कॉफी पी आणि जा.”

त्यानंतर सगळेच चेहरे तसे आले. जुळ्या मुली, नवा पोस्टमन, दूधवाले सोरेंग नवरा-बायको. तिच्या हाताला जुनी चाल सापडली. दुपारी डोरीननं खिडकीतून मांस-बटाट्याच्या गरम हॉटडिशची बशी सरकवली तेव्हा आर्डिस चक्क खुर्चीवर बसून जेवली.

“तुला आज बरं वाटतंय,” डोरीन म्हणाली.

“वाईट नाही.”

जेवता जेवता तिनं लॅपटॉप उघडून सकाळचे फोटो पाहिले. एकेक चेहरा बघून मन निवलं. मग ती पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली आणि घास तोंडात तसाच राहिला. कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. तिच्याकडेही नाही. लाइल, जुळ्या मुली, पोस्टमन, सोरेंग बाई, सगळ्यांचे डोळे एकाच जागी होते. कॅमेऱ्याच्या मागे, डाव्या बाजूला, आणि वर.

ऑरिनची जागा.

तिनं बशी बाजूला ठेवली. तिथं भिंतीवर काही आहे का, ते जाऊन पाहिलं. भिंत मोकळी होती. कोपऱ्यात हिवाळ्याचा दमट वास, बॉयलरची धग, वाळत घातलेल्या लोकरी मोज्यांचा वास. बाकी काही नाही. ती उभी राहिली होती तिथं तिला एकटं वाटलं नाही, एवढंच. आणि खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटली नाही. तिला रडू आलं. उन्हाळाभर कुठे होतास रे, असं ती मनात म्हणाली.

त्या रात्री ती मोटेलमध्ये पडल्या पडल्या झोपली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिला शिट्टी ऐकू यायला लागली. अगदी बारीक. डाव्या कानामागे, ऑरिन जवळ येऊन उभा राहिला की ऐकू यायची तशी. तिनं बॉयलर बंद करायला लावला. शिट्टी तशीच. डोरीनला विचारलं.

“मला नाही बाई ऐकू येत काही. तुझा कान तपासून घे.”

आर्डिस हसली. मग तिच्या लक्षात आलं की आपण मान वळवत नाही आहोत. पडदा ताणायला गेली तरी त्या जागेला वळसा घालून जात होती, कुणी उभं असल्यासारखा. एकदा तर “जरा सरक” असंही म्हणून गेली.

दुपारी आजीबाई इडा आल्या. त्यांची लेक त्यांना हाताला धरून जिन्यानं घेऊन आली. इडा आजींचे दोन्ही डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. बुबुळांवर दुधी साय होती. लेकीनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांची मान कॅमेऱ्याच्या दिशेनं धरून ठेवली, कारण सोडली की ती भलतीकडे जायची.

“हसू का गं?” इडा आजींनी विचारलं.

“मनात असेल तर हसा.”

“मनात आहे, पण कवळी सैल आहे.”

लेकीनं कपाळाला हात लावला. आर्डिसनं चार फोटो काढले. लेक बाजूला झाली. “झालं!” आर्डिस म्हणाली.

इडा आजींची मान वळली. कुणी धरलेली नसताना, सावकाश, बरोब्बर. दुधी डोळे तिच्या खांद्यावरून मागे गेले, वर गेले आणि थांबले. तोंड किंचित उघडलं. बोट दाबलं गेलं तरी आर्डिसला ते आपलं वाटलं नाही.

“आजी, कुठे बघताय?” तिनं विचारलं.

“मी कुठली बघतेय बाळा?” आजी म्हणाल्या. “मला दिसतं थोडंच!”

त्या गेल्यावर आर्डिस बराच वेळ फोटोकडे बघत बसली. आता तिला एक गोष्ट टोचायला लागली होती. ऑरिन उंच होता, मान्य. पण नजर इतकी वर जायला इतका उंच होता का? स्टूल बुटकं आहे म्हणून असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. मग उठून स्टुलावर बसून पाहिलं. ऑरिनचं डोकं जिथं आलं असतं तिथं तिनं अंदाजानं नजर लावली. ती त्या लोकांच्या नजरेपेक्षा खाली आली. तिनं आठवून पाहिलं, पुन्हा अंदाज घेतला. पुन्हा खाली. ज्या माणसाचा चेहरा आठवत नाही, त्याची उंची तरी आपल्याला नीट आठवते का, असं म्हणून तिनं तो विषय सोडला.

शेवटच्या दिवशी सोरेंगांची सून बाळ घेऊन आली. गोरंपान, गुबगुबीत, नुकतं बसायला लागलेलं. बाळांना ‘झालं’ लागत नाही, ती कायम खरीच असतात. स्टुलावर आईच्या मांडीत बसल्या बसल्या त्यानं आर्डिसच्या मागे पाहिलं आणि खुदकन हसलं. हात पुढे केले. आर्डिसला भरून आलं. ऑरिनला लहान मुलं फार आवडायची.

“कुणाकडे जायचंय रे तुला?” आई कौतुकानं म्हणाली.

आर्डिसनं एक फोटो काढला, दुसरा काढला. मग बाळाची नजर हलली. जिथं होती तिथून ती सरकली, जरा मागे, जरा वर. मान मागे पडेपर्यंत वर. हसू तसंच ओठांवर राहिलं आणि मग ते हळूहळू गेलं. बाळ रडलं नाही. रडलं असतं तर बरं झालं असतं. ते आईच्या छातीत तोंड खुपसून गप्प झालं आणि पुन्हा काही केल्या त्यानं मान वर केली नाही.

“झोप आली असेल,” आई म्हणाली. पण तीही घाईनं कोट चढवायला लागली आणि कॉफी न पिता गेली. त्या गावात असं कुणी करत नाही.

चार वाजायच्या सुमाराला बाहेर अंधारून आलं, नोव्हेंबरात येतं तसं. शेवटचं कुटुंब निघून गेलं. स्वयंपाकघरात डोरीन भांडी घासत होती, एवढाच आवाज. आणि शिट्टी. आता सामान आवरायचं, व्हॅन भरायची, विकून टाकायचं. आर्डिसनं दिव्याची एक छत्री मिटली आणि पुन्हा उघडली. असं निघून जाणं तिला जमेना. तो मागे उभा होता. अख्खा जन्म तो मागे उभा होता आणि तिनं त्याला पाहिलं नव्हतं. आता तिच्याकडे त्याचा चेहरासुद्धा उरला नव्हता. इथून व्हॅन निघाली की तो कायमचा गेला.

वळायचं नाही, हे त्याचं म्हणणं. ठीक आहे. पण स्टुलावर बसलेल्याला वळावं लागत नाही.

तिनं कॅमेरा तिकाटणीवर तसाच ठेवला, रिमोट हातात घेतला आणि नजर खाली ठेवून चालत जाऊन स्टुलावर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कळलं की समोरचे दिवे किती डोळ्यांत जातात. हात कुठे ठेवावे कळेना. इतक्या माणसांना ती किती सहज ‘हात मांडीवर, खांदे सैल’ सांगत आली होती!

तिनं मान वर केली. दिवे, कॅमेरा. कॅमेऱ्याच्या मागे डावीकडे काळोख. त्यात कुणी नव्हतं.

“ऑरिन…” ती हळूच म्हणाली. “बघ, आता मी बसलेय.”

शिट्टी थांबली.

तिनं रिमोट दाबला. एकदा, पुन्हा एकदा. काळोखात काही हललं नाही. डोळ्यांत पाणी आलं, रागही आला. इथंतिथं सगळ्यांना दिसतोस, आणि मला? तिनं रिमोट मांडीवर टाकला आणि थकून, मोठ्यानं म्हणाली, “झालं.”

खट्.

रिमोट तिच्या मांडीवर होता. तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

ती किती वेळ तशी बसली कोण जाणे. आपण काय पाहिलं ते तिला आठवेना. काही पाहिलंच नाही, असंच वाटत होतं. फक्त गाल दुखत होते, फार हसल्यावर दुखतात तसे. ती उठली. नजर खाली ठेवूनच लॅपटॉपकडे आली, कॅमेऱ्याकडे आणि त्या जागेकडे पाठ करून बसली, आणि शेवटचा फोटो उघडला.

फोटोत ती होती. स्टुलावर, करड्या पडद्यासमोर. असा चेहरा तिनं स्वतःचा कधी पाहिला नव्हता. तरुण नव्हता, सुंदर नव्हता, पण उघडा होता. लाइलसारखा. सगळ्यांसारखा. म्हणजे तिला दिसलं होतं. क्षणभर का होईना, तिनं त्याला डोळे भरून पाहिलं होतं आणि इतरांसारखीच विसरूनही गेली होती. ती स्क्रीनवर हात फिरवून रडली.

मग तिला फोटोच्या उजव्या कडेला काहीतरी काळं दिसलं. तिनं फोटो मोठा केला.

तो तिचा कॅमेरा होता. तिकाटणीवर उभा, पाठमोरा.

आर्डिसला समजायला वेळ लागला नाही. धंदाच तो. हा फोटो कॅमेऱ्याच्या जागेवरून घेतलेला नव्हता. कॅमेऱ्याच्या मागून, जरा डावीकडून, उंच माणसाच्या डोळ्यांतून घेतलेला होता. ऑरिनच्या जागेवरून. तो इतकी वर्षं जिथं उभा होता तिथून जे दिसतं, ते हे.

“तूच काढलास?” ती पुटपुटली. तिला हसू फुटणार होतं. मग तिनं फोटोतल्या स्वतःच्या डोळ्यांकडे पाहिलं.

ते फोटो काढणाऱ्याकडे बघत नव्हते. ते त्याच्या डाव्या खांद्यावरून पलीकडे गेले होते. मागे, आणि वर. मान मागे पडेपर्यंत वर.

मी काही करत नव्हतो गं. ते माझ्याकडे बघत नव्हते, आर्डिस.

आणि ती मयतीच्या जेवणात हे सांगून हसली होती. सगळे हसले होते. नम्रपणा म्हणाले होते. त्यानं तिचा खांदा धरून ठेवला होता तो चेहरा विस्कटू नये म्हणून नव्हे. तो तिच्या आणि कशाच्या तरी मधे उभा होता, पाठ करून, जन्मभर. तोही कधी वळला नव्हता. आणि तिचे ते सगळे चेहरे, दोन भाऊ, बँकवाला, जिल्हाभरच्या भिंतींवर चौकटीत लागलेले, ज्यांना ती माणसाचा खरा स्वभाव म्हणत आली… ते काय बघून तसे झाले होते?

शिट्टी पुन्हा सुरू झाली. अगदी जवळ, डाव्या कानामागे. आर्डिस स्क्रीनकडेच बघत राहिली. मान ताठ धरून.

स्वयंपाकघराचं दार ढकलून डोरीन आली. हातात ट्रे, त्यावर कॉफी, लिंबाच्या वडीचा ताटलीतला शेवटचा तुकडा. तिनं ट्रे आर्डिससमोर टेबलावर ठेवला.

“मी आत घेतली. ही तुमची. गार व्हायच्या आत प्या.”

ट्रेवर तीन कप होते. वाफाळलेले. वडीच्या त्या शेवटच्या तुकड्याचे तीन भाग केले होते, अगदी सारखे.

“डोरीन…” आर्डिस म्हणाली. “तीन?”

डोरीननं ट्रेकडे पाहिलं. कपाळावर आठी आली. “अगं बाई, तीन कशाला आणले मी?” ती हसली आणि जादा कप उचलायला वाकली. मग का कोण जाणे, तिनं हात मागे घेतला. “राहू देत. परत कुठे नेऊ आता.”

ती जिन्याकडे निघाली. पहिल्या पायरीवर थांबून तिनं दिव्याच्या बटणावर हात ठेवला. तिकडची माणसं निघता निघताही चारदा थांबतात.

“मग? झालं ना तुझं सगळं?” तिनं विचारलं.

आर्डिसनं तोंड उघडलं. जन्मभर हजारदा उच्चारलेला तो शब्द अगदी ओठांवर आला होता. पण तो म्हटला की काय होतं, हे तिला आता माहीत होतं.

“आर्डिस? झालं ना?”

तिनं ओठ मिटले. कप हातात धरून, मान ताठ ठेवून, ती समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिली.